"एसजीपीटी वाढलंय, म्हणजे चांगलंच की!"

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात एन्झाइमवर जो अर्ध्या पानाचा लेख आला होता त्याबद्दल लिहितेय. पेपरला मी याआधी कधी पत्र पाठवलेलं नाही आणि हेही पाठवलं नसतं, पण लेख आल्यावर दोनच दिवसांनी आमच्या लॅबच्या काउंटरवर एक काका रिपोर्ट न्यायला आले, एसजीपीटी या लिव्हरच्या एन्झाइमचा आकडा ३१२, म्हणजे नॉर्मलच्या कितीतरी पट, आणि काका चक्क खूष. म्हणाले, "लिव्हरचे एन्झाइम वाढलेत, म्हणजे चांगलंच की हो मॅडम, पेपरात आलंय ना, जितके एन्झाइम जास्त तितकं शरीर तंदुरुस्त." आता मी काय बोलणार, रिपोर्टचा अर्थ सांगायचा अधिकार डॉक्टरांचा, आमचा नाही, म्हणून एवढंच म्हटलं की काका आजच्या आज डॉक्टरांना दाखवा, उद्यावर टाकू नका. ते गेले पण माझ्या डोक्यातून काही तो प्रसंग जाईना.

मी लॅब टेक्निशियन आहे, बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर २२ वर्षं झाली. सकाळी कंट्रोल लावण्यापासून संध्याकाळी मशीन धुण्यापर्यंत निम्मा दिवस एन्झाइम मोजण्यातच जातो. त्यामुळे लेख वाचताना जरा पोटात दुखलं. त्यात लिहिलं होतं की एन्झाइम हे जिवंत असतात, ४० अंशाच्या वर मरतात, शरीर अल्कलाइन (ॲसिडच्या उलट) ठेवलं की जोरात चालतात, आणि वाढवायचे असतील तर पावडर किंवा गोळ्या घ्याव्यात म्हणजे ते थेट पेशींत पोचतात. एकेक करून सगळ्यावर बोलायचंय पण मुद्दा माझा एकच आहे. एन्झाइम किती आहे आणि ते काम किती करतंय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लेखात त्या दोन्ही एकच समजून पुढचं सगळं रचलंय.

आधी जिवंतपणाचं. शाळेच्या पुस्तकात ज्याला विकर म्हणतात तेच हे. बहुतेक एन्झाइम म्हणजे प्रोटीन, अमिनो ॲसिडची लांबलचक माळ, जी स्वतःभोवती गुंडाळून एका ठरावीक आकारात बसलेली असते (काही थोडी आरएनएची पण असतात, ते राहू दे). माळ कधी जिवंत असते का? आणि हा वाद आजचा नाहीच. साखर आंबायला यीस्टची जिवंत पेशीच लागते असं एकोणिसाव्या शतकात मोठमोठे लोक छातीठोकपणे सांगायचे, मग १८९७ साली एडुआर्ड बुखनर या जर्मन केमिस्टने यीस्ट वाळूबरोबर घोटलं, दाबून रस काढला, तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तर त्या मेलेल्या रसातून बुडबुडे यायला लागले. पेशी एकही शाबूत नाही आणि आंबणं जोरात चालू. त्याला १९०७ चं नोबेल मिळालं. पुढे १९२६ मध्ये जेम्स समनरने युरिएज नावाच्या एन्झाइमचे चक्क स्फटिक काढून दाखवले, मिठाचे असतात तसे, तरी कित्येक वर्षं लोक मानायला तयार नव्हते की एन्झाइम म्हणजे प्रोटीन. त्याला नोबेल मिळायला १९४६ उजाडलं. तर स्फटिक करून बाटलीत भरता येते ती वस्तू मरत नाही, बिघडते. दूध नासलं म्हणतो, मेलं म्हणत नाही ना आपण, तसंच आहे हे.

आता ते काम कसं करतं. एखादी रासायनिक क्रिया व्हायची म्हणजे रेणूंना मध्ये एक घाट चढावा लागतो, पलीकडचं गाव कितीही खाली असलं तरी घाट चुकत नाही, आणि बहुतेक रेणूंच्या अंगात तेवढी ताकदच नसते. एन्झाइम त्यांना बोगदा काढून देतं. यात एक गोष्ट लोक हमखास विसरतात, बोगद्यामुळे गावं बदलत नाहीत. जी क्रिया मुळात होण्यासारखीच नाही ती एन्झाइम घडवून आणू शकत नाही, जी होणारच आहे ती फक्त लवकर उरकतं, आणि काम झालं की स्वतः जसंच्या तसं मोकळं होऊन पुढचा रेणू पकडतं. लवकर म्हणजे किती लवकर? डीएनए-आरएनएचे घटक बनवताना लागणारी एक क्रिया आहे, ओएमपी डिकार्बोक्सिलेज नावाचं एन्झाइम ती करतं. नुसत्या पाण्यात ती आपली आपण अर्धी व्हायला साधारण ७ कोटी ८० लाख वर्षं लागतील असा हिशोब निघालाय. एन्झाइमच्या हाताखाली तीच गोष्ट पापणी लवायच्या आत होते. आपल्या लाल पेशींमधलं कार्बोनिक अनहायड्रेज सेकंदाला १० लाखाच्या आसपास रेणू हातावेगळे करतं, म्हणून तर पेशींत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड रक्तात विरघळवून फुप्फुसापर्यंत नेणं आणि तिथे परत सोडणं एका श्वासाच्या वेळात जमतं.

लेखाबरोबर जे कुलूप-किल्लीचं चित्र होतं ते १८९४ सालचं, एमिल फिशरचं. चूक नाही पण जुनं झालं. डॅनियल कोशलंडने १९५८ मध्ये म्हटलं की कुलूपही हलतं. हेक्झोकायनेज हे ग्लुकोज पकडणारं एन्झाइम बघा, त्याची दोन पाळी असतात, ग्लुकोज मधल्या फटीत बसलं की ती मुठीसारखी मिटतात, मुठीतलं पाणी बाहेर ढकललं जातं, आणि मगच एटीपीवरचा (एटीपी म्हणजे पेशीचं इंधन) फॉस्फेट ग्लुकोजवर चढतो. मूठ उघडीच राहिली तर तो फॉस्फेट पाण्यावर वाया जायचा. आणि एन्झाइमची पकड खरी घट्ट बसते ती आधीच्या रेणूवर नाही आणि तयार मालावरही नाही, मधल्या अर्धवट अवस्थेवर, घाटमाथ्यावर असताना रेणू जसा दिसतो त्या रूपावर. सगळी करामत तिथे आहे. म्हणूनच त्या मुठीतला एखादा अणू इकडचा तिकडे झाला तरी खेळ बिघडतो.

आता माझी फजिती सांगते, कारण माझ्या मुद्द्याचा पुरावा तोच आहे. नोकरीतलं पहिलं वर्ष. एका पेशंटचं रक्त कमी आलं होतं, बायोकेमिस्ट्रीच्या ट्यूबमध्ये जेमतेम तळाला, आणि जांभळ्या झाकणाच्या, म्हणजे ब्लड काउंटच्या ट्यूबमध्ये भरपूर. मी हुशारी केली, जांभळीतलं थोडं या ट्यूबमध्ये ओतलं. मशीनवर रिपोर्ट आला तर अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम जवळजवळ शून्य, कॅल्शियम पार तळाला, आणि पोटॅशियम इतकं वर की तो माणूस जिवंत असणंच शक्य नाही. माणूस बाहेर बाकावर बसून मोबाइल बघत होता. सीनियर मॅडम आल्या, तीन आकडे बघितले आणि मान वर न करता विचारलं, "जांभळीतलं ओतलंस ना?" मला दरदरून घाम. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेलं असतं, पोटॅशियमचं मीठ, ते कॅल्शियमला मिठी मारून बसतं. पण ते तिथेच थांबत नाही, झिंक आणि मॅग्नेशियमही ओढून घेतं, आणि अल्कलाइन फॉस्फटेजच्या मुठीत झिंकचे अणू असतात, जोडीला मॅग्नेशियम, त्यांच्याशिवाय ते ढिम्म हलत नाही. म्हणजे बघा, एन्झाइम ट्यूबमध्ये पूर्णच्या पूर्ण होतं, एक रेणूही कमी झालेला नव्हता, आणि काम जवळपास शून्य. लेखकांनी हे एकदा बघितलं असतं तर 'जितके जास्त तितकं बरं' हे वाक्य लिहायला हात धजला नसता.

असे जोडीदार बऱ्याच एन्झाइमना लागतात. काकांचं जे एसजीपीटी होतं त्याला बी-६ व्हिटॅमिनपासून बनणारा एक छोटा रेणू लागतो, ज्याच्या अंगात बी-६ कमी त्याचं एसजीपीटी काही पद्धतींनी मोजलं तर खऱ्यापेक्षा कमी दिसतं, म्हणून काही किटमध्ये तो रेणू आधीच घालून ठेवलेला असतो. सीके या स्नायूंमधल्या एन्झाइमचं अजून वेगळं, हवेत राहून त्याचे गंधकाचे हात जखडतात, रिएजंटमध्ये (टेस्टसाठी वापरतो त्या रसायनात) त्यासाठी ते हात मोकळे करणारं औषध असतं, आणि मग ते परत काम करायला लागतं. मेलेलं परत उठतं का हो कधी?

आणि हो, आम्ही लॅबवाले एन्झाइम मोजतो म्हणतो पण खरं तर मोजत नाही. रिपोर्टवर जे युनिट असतं ना, एक युनिट म्हणजे ठरवून दिलेल्या परिस्थितीत मिनिटाला एक मायक्रोमोल माल बदलण्याइतकं काम. किती एन्झाइम आहे ते कोणी मोजलेलंच नसतं, ते किती वेगाने पळतंय तेवढं बघितलेलं असतं. एसजीपीटीमध्ये तर तेही आडवळणाने, त्याने बनवलेला माल दुसरं एन्झाइम उचलतं, ते करताना एनएडीएच नावाचा रेणू खर्च होतो, आणि ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याची सावली कशी फिकी होत जाते ते मशीन टिपतं. ती उतरती रेघ किती उभी, तेवढा तुमचा एसजीपीटी. आणि 'ठरवून दिलेल्या परिस्थितीत' हे तीन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. पूर्वी कुठे २५ अंशाला टेस्ट करायचे, कुठे ३० ला, कुठे ३७ ला, आणि एकाच रक्ताचे आकडे वेगवेगळे यायचे कारण तापमान १० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. तेव्हा आता सगळीकडे ३७.

मग ४० ला मरतात हे कुठून आलं? तापमान वाढवत गेलं की आधी वेग वाढतो, मग एका टप्प्यानंतर माळेची घडी उसवायला लागते आणि वेग धाडकन पडतो, एवढं खरं. पण तो टप्पा प्रत्येकाचा आपापला. आमच्या जुन्या पुस्तकांत एक टेस्ट होती, अल्कलाइन फॉस्फटेज वाढलंय पण ते हाडातून आलंय की लिव्हरमधून हे कळायला सिरम ५६ अंशाला १० मिनिटं ठेवायचं, हाडातलं बरंचसं बिघडतं, लिव्हरचं त्यातल्या त्यात टिकतं. आणि गरोदर बाईच्या वारेतून येणारं जे अल्कलाइन फॉस्फटेज असतं ते ६५ अंशाला अर्धा तास ठेवलं तरी ढळत नाही! एकाच माणसाच्या अंगातली, जवळजवळ भावंडं म्हणावी अशी एन्झाइम्स, आणि इतका फरक. कोविडच्या काळात ज्या आरटी-पीसीआर टेस्ट झाल्या त्या तर डीएनएच्या प्रती काढणाऱ्या अशा पॉलिमरेज एन्झाइमच्या जोरावर झाल्या की जे दर फेरीला ९५ अंशाच्या आसपास तापवलं तरी टिकून राहतं, मुळात ते सापडलं यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या बॅक्टेरियात. उलट थंडीही सगळ्यांना मानवत नाही. आम्ही नवीन पोरांना बजावून सांगतो की एलडीएच या एन्झाइमच्या टेस्टचा सॅम्पल फ्रिजमध्ये टाकू नका, लिव्हरमधल्या प्रकारचं एलडीएच ४ अंशाला बाहेरच्यापेक्षा लवकर खराब होतं. दर बॅचला एक जण तरी टाकतोच. तर ताप ३९-४० गेला की सगळी एन्झाइम्स मेली म्हणून घाबरवणं बरोबर नाही, तापात धोके आहेत पण ते वेगळे, आणि त्यासाठी डॉक्टर आहेत.

अल्कलाइनचं तर मला हसूच आलं, कारण अल्कलाइन फॉस्फटेजचं रिएजंट पीएच १० च्या वर असतं, तिथे ते मस्त पळतं, आणि रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५, त्यातून तो जरा हलला तरी माणूस आयसीयूत. उद्या कोणी म्हणायचं रक्त १० वर न्या. मुळात पीएच ही मोजपट्टीच एन्झाइमवाल्यांच्या कामातून आली, डेन्मार्कच्या सोरेनसेनने १९०९ मध्ये एन्झाइमचा अभ्यास करताना ती काढली, कारण ॲसिड किती आहे हे नेमकं सांगता आल्याशिवाय दोन दिवसांचे आकडे जुळेनात. पोटातलं पेप्सिन पीएच २ च्या आसपास खुलतं, आतड्यातल्या ट्रिप्सिनला ८ लागतं. एवढंच कशाला, एकाच पेशीतल्या मोकळ्या रसाचा पीएच ७.२ आणि तिच्याच आतल्या लायसोसोम नावाच्या पिशवीत ५ च्या खाली, आणि तो खाली ठेवायला पेशी सतत एटीपी जाळून प्रोटॉन आत पंप करत असते. का? तर त्या पिशवीत सगळं तोडून टाकणारी एन्झाइम्स भरलेली असतात, पिशवी चुकून फुटलीच तर बाहेरच्या ७.२ मध्ये त्यातली बहुतेक मंद पडावीत. आता सांगा, कुठलं अल्कलाइन करणार तुम्ही?

मालाचा, म्हणजे सब्स्ट्रेटचा मुद्दा लेखात नव्हताच, खरं तर पेशीत रोजच्या रोज वेग ठरवणारी ही सगळ्यात साधी गोष्ट. माल कमी असेल तर एन्झाइम हात चोळत बसतं, माल वाढला की वेग वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच, सगळे हात गुंतले की पुढे कितीही माल ओता, फरक नाही. मायकेलिस आणि मॉड मेंटेन या दोघांनी १९१३ मध्ये याचं गणित मांडलं (मेंटेनबाई कॅनडाच्या डॉक्टर, त्या काळात एकटीने बर्लिनला गेल्या, त्यांच्याबद्दल तुमच्या महिला पुरवणीत छापा की कधीतरी). आमच्या रिएजंटमध्ये माल मुद्दाम भरमसाट घातलेला असतो म्हणजे वेग फक्त एन्झाइमच्या प्रमाणावर ठरावा. तरी कधी एखादा सॅम्पल असा येतो की एसजीपीटी इतका प्रचंड असतो की मशीनने वाचायला सुरुवात करायच्या आतच सगळं एनएडीएच खाऊन संपलेलं असतं, रेघ सपाट, आणि मशीन चक्क नॉर्मलसारखा आकडा देऊ शकतं. आत लिव्हर जळतंय आणि कागदावर सगळं शांत. कडेला बारीक खूण येते तेवढी, ती दिसली की सॅम्पल पातळ करून परत लावायचा. ती खूण न बघता रिपोर्ट सोडणाऱ्याला आमच्याकडे माफी नाही.

पेशीनेही हा माल कमी-जास्त होण्याचा उपयोग करून घेतलाय. ग्लुकोज पकडायला मेंदूत आणि स्नायूत हेक्झोकायनेज असतं, ते इतकं हावरट की रक्तातली साखर जरा खाली आली तरी त्याचे हात भरलेलेच, मेंदूचा पुरवठा तुटत नाही. लिव्हरमध्ये आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत मात्र त्याच कामाला ग्लुकोकायनेज आहे, त्याची पकड सैल, साखर भरपूर वाढली तरच ते खऱ्या अर्थाने वेग घेतं. म्हणजे तेच काम, दोन एन्झाइम, आणि सैल पकड हा दोष नाहीये, तीच त्याची कामगिरी आहे, जेवणानंतर साखर वाढली हे त्यातूनच तर कळतं. सगळीकडे हावरटच बसवलं असतं तर शरीराला साखर वाढल्याचा पत्ताच लागला नसता.

आणि आता आवरण्याबद्दल. पेशी जेवढी मेहनत एन्झाइम बनवायला घेते तेवढीच त्यांना गप्प बसवायला घेते, हे लेखात एका ओळीनेही नाही. बॅक्टेरिया आयसोल्यूसिन हे अमिनो ॲसिड पाच पायऱ्यांत बनवतो, शेवटी माल पुरेसा झाला की तो मालच जाऊन पहिल्या पायरीच्या एन्झाइमवर बसतो आणि काम थांबवतो, हे १९५६ मध्ये कळलं. आणि बसतो तो मुठीत नाही, बाजूला दुसऱ्याच खोबणीत, तिथून आकार असा वळवतो की मूठ बिनकामाची होते. माल संपला की सुटतो, काम परत चालू. आपल्या पेशीत साखर जाळायच्या वाटेवर फॉस्फोफ्रुक्टोकायनेज आहे, एटीपी भरपूर असलं की ते एटीपीच त्याला दाबतं, आणि पेशी दमली, एएमपी (खर्ची पडलेलं एटीपी) साठलं की तेच एएमपी त्याला मोकळं करतं. स्नायूत साठवलेली साखर फोडणारं जे फॉस्फोरिलेज, त्याच्यावर एक फॉस्फेट चिकटवला की चालू, काढला की बंद, दचकून पळायला लागलात तर काही सेकंदांत हे होतं, नवं एन्झाइम बनवत बसायला वेळच नसतो. फिशर आणि क्रेब्ज या दोघांना यासाठी १९९२ चं नोबेल मिळालं (हा फिशर वेगळा, किल्लीवाला नाही).

जास्त आणि मोकाट सुटलेलं एन्झाइम काय करतं ते बघायचं असेल तर स्वादुपिंडाला सूज आलेला पेशंट बघा. स्वादुपिंड ट्रिप्सिन कधी तयार अवस्थेत बनवत नाही, टोपण लावलेलं ट्रिप्सिनोजेन बनवतं, ते टोपण आतड्यात गेल्यावर काढलं जातं, शिवाय चुकून थोडं आधीच उघडलं तर त्याला पकडायला तिथे एक वेगळं प्रोटीन पहाऱ्याला असतं. एवढं करूनही कधी खड्याने नळी तुंबते किंवा दारूने घात होतो, टोपणं आतच निघतात आणि ते ट्रिप्सिन दुसऱ्या एन्झाइमनाही जागं करतं, मग अवयव स्वतःलाच पचवायला लागतो. रात्री-बेरात्री असा सॅम्पल येतो, लायपेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम नॉर्मलच्या तिप्पट झालं तरी डॉक्टरांचे कान टवकारतात, इथे आकडा कुठल्या कुठे गेलेला असतो, आणि बाहेर पेशंट पोट धरून दुहेरी झालेला. एन्झाइम भरपूर आहेत हो, हवे तेवढे.

काकांचं एसजीपीटी पण यातलंच. ते एन्झाइम लिव्हरच्या पेशीच्या आत असायला हवं, रक्तात त्याला काही काम नाही. रक्तात वाढलं म्हणजे पेशींना इजा होऊन आतलं बाहेर गळतंय. घरातला माल रस्त्यावर पडलेला दिसला तर घर भरलंय असं म्हणायचं की घर फुटलंय?

कितीतरी औषधं तर एन्झाइम थांबवण्यासाठीच आहेत. ॲस्पिरिन कॉक्स या एन्झाइमच्या तोंडाशी कायमचा बोळा बसवतं, बाकीच्या पेशी नवं कॉक्स बनवून घेतात पण प्लेटलेटला केंद्रकच नसतं, ती नवं बनवू शकत नाही, म्हणून तिचं उरलेलं आयुष्य, आठ-दहा दिवस, ती तशीच. ऑपरेशनआधी काही वेळा ॲस्पिरिन थांबवायला सांगतात ते याच्यामुळे. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनचं तंत्र वेगळं, ते खऱ्या मालासारखं सोंग घेऊन मुठीत शिरतं. हाच प्रकार वाईट बाजूनेही होतो, फवारणीच्या काही औषधांनी विषबाधा झालेला माणूस येतो तेव्हा आम्ही कोलिनेस्टरेज या एन्झाइमची टेस्ट लावतो, आकडा तळाला, कारण ते विष त्याच्या मुठीत घट्ट चिकटून बसलेलं असतं, आणि ते वेळेत सोडवलं नाही तर पुढे सुटतच नाही. तिथेही एन्झाइम आहे, काम नाही. आणि आमचीच राखाडी झाकणाची ट्यूब, शुगरची, तिच्यात फ्लोराइड असतं, ते नसेल तर रक्तपेशी ट्यूबमध्येसुद्धा साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. फ्लोराइड इनोलेज या एन्झाइमला थांबवतं, पण ते वाटेच्या पार खालच्या टोकाला आहे, वरची एन्झाइम्स तोपर्यंत चालूच, म्हणून पहिला तास-दोन तास साखर घटतच राहते. कुठलं एन्झाइम थांबवलं यावर सगळं अवलंबून.

राहिल्या गोळ्या. तोंडाने घेतलेलं एन्झाइम पोटासाठी नुसतं प्रोटीन, पेप्सिन त्याचे तुकडे करतं, आतड्यात उरलेलं काम होतं, आणि शोषली जातात ती अमिनो ॲसिडं. पेशीत अख्खं एन्झाइम पोचत नाही. ज्यांचं स्वादुपिंडच काम करत नाही त्यांना डॉक्टर एन्झाइमच्या कॅप्सूल देतात आणि त्या खरोखर उपयोगी पडतात, पण त्यांच्यावर ॲसिड सहन करणारं आवरण असतं आणि त्या काम करतात ते आतड्याच्या पोकळीत, पेशीत नाही. पेशीत पोचवायचंच असेल तर किती द्राविडी प्राणायाम करावा लागतो ते गोशे नावाच्या आजारात दिसतं, त्यात लायसोसोममधलं एक एन्झाइम जन्मतः अपुरं असतं. ते शिरेतून द्यावं लागतं, आणि नुसतं देऊन भागत नाही, एन्झाइमवरच्या साखरेच्या साखळ्या छाटून मॅनोज नावाची साखर उघडी करावी लागते, कारण ज्या पेशींत ते जायला हवं त्या मॅनोज ओळखून आत घेतात. कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर १९९१ मध्ये असं पहिलं औषध आलं. आणि तुमच्या लेखात चमचाभर पावडर कोमट पाण्यातून थेट पेशीत!

माझी विनंती इतकीच आहे की पुढच्या पुरवणीत एक छोटी चौकट छापा, फार काही नको, फक्त एवढं की रिपोर्टमध्ये एसजीपीटी, एसजीओटी, लायपेज, सीके यापैकी काही वाढलेलं असेल तर ती आनंदाची बातमी समजू नका, डॉक्टरांना दाखवा. मोठ्या टाइपात छापा, आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना चष्मा असतो. ते काका परवा परत आले होते, डॉक्टरांनी टेस्ट पुन्हा सांगितलीय आणि घरगुती म्हणून कसलीशी पावडर घेत होते ती बंद करायला लावलीय. सॅम्पल घेतलाय, या वेळी ट्यूब मी स्वतः भरली.

आपली वाचक,
एक लॅब टेक्निशियन